पेणचा कोड, रोह्याचा कोड

लँडलाइनच्या दिवसांत आम्हा कोलाडकरांना आसपासच्या तालुक्यांचे एसटीडी कोड तोंडपाठ असत. पेण ०२१४३, अलिबाग ०२१४१, माणगाव ०२१४०, महाड ०२१४५ आणि रोहा ०२१९४. कोलाड रोहा तालुक्यात, म्हणून मुंबईच्या नातेवाइकांना आम्ही लिहून द्यायचो तो शेवटचा. पुढचे शून्य कशासाठी, हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. ते फिरवले की फोन गावाबाहेर लागतो, एवढे पुरेसे होते. पण हेच आकडे संगणकाच्या प्रोग्राममध्ये लिहिले की ते शून्य भलतेच काही सांगू लागते, आणि एकाच जिल्ह्यातल्या दोन शेजारी तालुक्यांना निरनिराळा न्याय मिळतो. या पुस्तकाचा विषय त्या शून्यात आहे. वाचकांनी त्याकडे वळण्यापूर्वी दोन शब्द विषयाच्या ओळखीचे.

प्रोग्राममधल्या काही संख्या हिशेबातून निघतात, काही वापरणाऱ्याकडून येतात, आणि काही प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असतात: वर्षाचे महिने १२, कराचा दर १८, अंतर १०.५. या हाताने लिहिलेल्या संख्यांना ‘लिटरल’ म्हणतात. आपल्याला ती संख्या दिसते. संगणकाला दिसते ती फक्त एकामागून एक आलेल्या चिन्हांची रांग. त्यांतली किती चिन्हे मिळून एक संख्या होते, ती नेमकी कुठे संपते आणि तिची किंमत किती, हे ठरवण्याचे काम, प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या पहिल्याच दालनात होते. तिथे बसलेल्या कारकुनाचे नाव ‘लेक्सर’. तो चिन्हे वाचतो, त्यांचे तुकडे पाडतो आणि तुकडे पुढच्या दालनात देतो. तुकडा चुकीच्या जागी पडला, तर पुढचे सगळे काम नियमाप्रमाणे होऊनही चुकीचे होते.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावायला रेल्वे बरी पडते. मुंबईकडून येणारी मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते, तिथून कोकण रेल्वे सुरू होते आणि कोलाड हे तिचे पहिले स्थानक. डब्यात बसलेल्या प्रवाशाला ही हद्द जाणवतही नाही. गाडी तीच, रूळही तसेच. पण दोन रेल्वेंच्या वह्यांमध्ये ती हद्द अचूक नोंदलेली असावी लागते, नाहीतर भाडे कोणाचे आणि दुरुस्ती कोणाची याचा घोळ होईल. लेक्सरचे काम अशाच हद्दी नोंदण्याचे आहे.

कंपायलरवरच्या पाठ्यपुस्तकांत या दालनाला फारशी पाने मिळत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. ढमढेरे यांच्या पुस्तकांवर आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी या शास्त्रात आले. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या जगप्रसिद्ध कंपायलरच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. त्यांचा खरा भर प्रोग्रामचे विश्लेषण करून तो वेगवान कसा करावा, यावर. त्या मानाने आकडे वाचणे म्हणजे उंबरठ्यावरचे काम. पण उंबरठ्यावर ठेच लागते, हे घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. वाचकांनी या पुस्तकाकडे उंबरठ्याची पाहणी म्हणून पाहावे, एवढीच विनंती.

आता पेण आणि रोहा. वाचकांनी संगणकावर कोणताही ब्राउझर उघडून एफ१२ ही कळ दाबावी आणि ‘कन्सोल’ या खिडकीत पेणचा कोड टाकावा. (या पुस्तकात सर्व अंक देवनागरीत छापले आहेत. कळफलकावर मात्र ते इंग्रजी अंकांत टाकावेत. जिथे देवनागरी अंकच टाकायचे आहेत तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. असे का करावे लागते, हाही पुढे येणारा एक धडाच आहे.) ०२१४३ टाकून एंटर दाबल्यावर उत्तर येते ११२३. आता रोह्याचा ०२१९४ टाका. उत्तर २१९४.

पेणचे ११२३ आले कुठून? आरंभी शून्य दिसले की जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा ती संख्या आठाच्या पायातली धरते. आपल्या दशमान पद्धतीत प्रत्येक स्थान दहापट, तसे इथे आठपट: दोन वेळा ५१२, एक वेळा ६४, चार वेळा ८ आणि वर ३. बेरीज ११२३. रोह्याच्या कोडमध्ये ९ आहे आणि आठाच्या पायात ९ हा अंकच नसतो. म्हणून भाषा म्हणते, लिहिणाऱ्याला दशमानच अभिप्रेत असावे, आणि गुपचूप पाया बदलते.

हा ‘गुपचूप’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. माझ्या पहिल्यावहिल्या फोनयादीची चाचणी मी अर्थातच आमच्या कोडवर घेतली होती. २१९४ आले, छापताना आरंभीचे शून्य जोडून दिले, सगळे झकास. अलिबाग, पेण आणि माणगावच्या ओळी कोणी नीट पाहिल्या तेव्हा यादी वाटून झाली होती. रोह्याला सूट मिळाली म्हणून पेणवरचा अन्याय दिसला नाही.

ही आठाची भानगड मुळात कोणी खोडसाळपणे केलेली नाही. साठीच्या दशकाअखेर केन थॉम्पसन बेल लॅब्समध्ये ज्या पीडीपी-७ यंत्रावर काम करत होते, त्याचा शब्द १८ बिटांचा होता. तीन-तीन बिटांचे गट पाडले की बरोबर सहा अष्टमान अंक होतात, म्हणून त्या जगात आठाचा पाया ही रोजची बोली होती. त्यांच्या ‘बी’ भाषेत आरंभीचे शून्य म्हणजे अष्टमान, अशी सुटसुटीत खूण ठरली. ‘बी’तून ती डेनिस रिची यांच्या ‘सी’मध्ये आली आणि ‘सी’तून अर्ध्या जगात. १९७८ साली केर्निगन आणि रिची यांचे ‘सी’वरचे पुस्तक निघाले, तेव्हा तर ८ आणि ९ हे अंकही अष्टमानात चालत; त्यांची किंमत आठ आणि नऊ अशीच धरली जाई. म्हणजे त्या काळच्या ‘सी’मध्ये आमच्या रोह्याचा कोड ११६४ झाला असता! पुढे १९८९ च्या प्रमाणित ‘सी’ने ही सवलत काढून टाकली. तेव्हापासून ‘सी’मध्ये रोहा म्हणजे एरर आणि पेण म्हणजे ११२३.

एकाच आकड्याची अशी तीन भवितव्ये पाहिली की या क्षेत्रातला मुख्य प्रश्न समोर येतो: चुकीचा ठरलेला नियम दुरुस्त कसा करायचा? तो मोडला तर जुने प्रोग्राम मोडतात. युनिक्समध्ये फाइलचे परवाने आजही ०७५५ असे अष्टमानात लिहितात. उद्या हा आकडा दशमान धरला, तर न विचारता कुलपे बदलल्यासारखे होईल. पायथॉन भाषेच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये अष्टमानासाठी शून्यापुढे ‘ओ’ अक्षर लावण्याची नवी खूण आली आणि नुसत्या शून्याने सुरू होणारी संख्या सरळ नाकारली गेली. दशमान धरायचे नाही, अष्टमानही धरायचे नाही. भाषा थांबते आणि विचारते: तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे? इथे पेण आणि रोहा दोघांनाही एकच एरर मिळतो. गो भाषेने २०१९ मध्ये ‘ओ’ची खूण घेतली, पण जुनीही चालू ठेवली. तिथे मोडतोड टळली, संदिग्धता उरली. जावास्क्रिप्टने २००९ पासून एक कडक शिस्तीची पद्धत दिली आहे, तिच्यात आरंभीचे शून्य चालत नाही. पण ती मागून घ्यावी लागते, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कोणी ती मागत नाही.

वाचकांना ही केवळ फोनयादीची गोष्ट वाटू नये. तारखांमध्ये महिना ०१, ०२ असा लिहिण्याची पद्धत आहे. जुलैपर्यंत, म्हणजे ०७ पर्यंत, अष्टमान आणि दशमान यांत फरक पडत नाही. ऑगस्टचा ०८ आणि सप्टेंबरचा ०९ आले की फरक पडतो. जुन्या ब्राउझरांत मजकुरातून संख्या काढणारी आज्ञा या दोन महिन्यांचे उत्तर शून्य देत असे, आणि लिनक्सच्या बॅशमध्ये आजही ०८ ला हिशेबात घेतले की एरर येतो. सात महिने निमूट चालून ऐन पावसाळ्यात अडणारा प्रोग्राम, म्हणजे आमच्याकडच्या रस्त्यांसारखाच.

दुसरा मोठा प्रश्न हद्दीचा. लेक्सरचा साधारण नियम खादाड आहे: जितकी चिन्हे एका तुकड्यात बसतील तितकी बसवायची. बहुतेक वेळा तो उत्तम चालतो. पण पायथॉनमध्ये सोळाच्या पायातला १ लिहून, मध्ये जागा न सोडता, त्याला चिकटून ‘फॉर’ हा शब्द लिहिला तर काय होईल? सोळाच्या पायात ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे १० ते १५ यांच्यासाठी अंक म्हणून येतात. ‘फॉर’चे पहिले अक्षर एफ. लेक्सर ते संख्येत गिळतो, एकचे एकतीस होतात, आणि मागे उरतात ओ आणि आर. हा पायथॉनमधला ‘किंवा’! पुनरावृत्तीसाठी लिहिलेली ओळ विकल्पाची ओळ बनते आणि कुठे चूक झाल्याची चाहूलही लागत नाही. संख्येला शब्द चिकटवू देण्याची ही जुनी मोकळीक पायथॉन आता टप्प्याटप्प्याने काढून घेत आहे: आधी इशारा, मग मनाई. फोरट्रानमध्ये तर मोकळ्या जागेला अर्थच नव्हता; स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, की दहा फेऱ्यांच्या आज्ञेतून १.१० ही किंमत एका नव्याच नावात साठवली जाई. वाचकांनी अशी उदाहरणे कागदावर पेन्सिलीने, एकेका चिन्हाखाली रेघ मारत सोडवावीत. डोळ्यांनी वाचून ती कळत नाहीत, कारण आपला डोळा जागा नसली तरी शब्द ओळखतो.

मराठी वाचकांचे स्वागत करताना मला थोडा अभिमानही वाटतो, तो का ते इथे सांगतो. एका भाषेतून दुसरीत, एका अंकपद्धतीतून दुसरीत सतत ये-जा करण्याची आपल्याला सवय आहे. एसटीच्या पाटीवर ९, मोबाइलवर इंग्रजी नऊ, आणि वाचताना मनात एकच ‘नऊ’. यंत्रांना हे इतके सहज जमलेले नाही. पायथॉनमध्ये अवतरणचिन्हांत देवनागरी अंकांत २१९४ लिहून त्याची संख्या करायला सांगितली, तर तो बिनतक्रार करून देतो. तेच अंक अवतरणचिन्हांशिवाय थेट लिहिले की म्हणतो, हे चिन्ह अमान्य. आणखी गंमत अशी की ‘किंमत१’ हे नाव म्हणून पायथॉनला चालते. म्हणजे आपला १ नावाच्या शेपटीला बसू शकतो, पण स्वतः संख्या म्हणून उभा राहू शकत नाही. जावामध्ये पूर्णांक वाचणारी आज्ञा देवनागरी अंक ओळखते, दशांश वाचणारी ओळखत नाही. जावास्क्रिप्टला मराठी पद्धतीने संख्या छापायला सांगा. ती नेटकेपणाने ‘१,२३,४५६’ असे छापते. तेच तिला परत वाचायला द्या, तर म्हणते ही संख्याच नाही. बोलायला येते, वाचायला येत नाही. राकू ही एक भाषा आहे जिने देवनागरी अंक थेट लिटरलमध्ये स्वीकारले आहेत. पण ती अपवाद.

इतर भाषा नकार देतात तो केवळ दुर्लक्षामुळे, असे मात्र मी म्हणणार नाही. आपला १ ज्याला देवनागरी येत नाही त्याला इंग्रजी नवासारखा दिसू शकतो. बंगालीतला चार तर इंग्रजी आठाशी इतका मिळताजुळता आहे की भल्याभल्यांना फसवेल. प्रोग्राम वाचणाऱ्या दहा जणांना एकच संख्या दिसली पाहिजे, हा आग्रह रास्त आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिसऱ्या प्रकरणात आल्या आहेत आणि वाचकांनी आपले मत तोवर राखून ठेवावे.

लाख-कोटींच्या बाबतीत मात्र आपले नशीब बरे. मोठ्या संख्येत वाचणाऱ्याच्या सोयीसाठी अंकांमध्ये अधोरेख घालायची मुभा जावाने २०११ मध्ये आणि पायथॉनने २०१६ मध्ये दिली. ती देताना तीन-तीन अंकांचेच गट पाडावेत अशी सक्ती कोणी केली नाही. त्यामुळे एक कोटी लिहिताना एकापुढे दोन, दोन आणि तीन शून्यांचे गट पाडणारा कोलाडचा विद्यार्थी आणि तीन-तीनाचे गट पाडणारा बोस्टनचा विद्यार्थी, दोघेही व्याकरणशुद्ध. नियम ठरवताना काय ठरवू नये, हे कळण्यालाही कसब लागते. याच पायथॉनला २००३ साली एक एप्रिलच्या मुहूर्तावर रोमन अंकांचा प्रस्तावही आला होता. तो रीतसर नोंदवून नाकारण्यात आला.

संख्या वाचण्याच्या रीतीवरून वाद होतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दोन अंकी संख्या ‘वीस दोन’ अशा, म्हणजे दशकापासून, वाचण्याची पद्धत रूढ पद्धतीच्या जोडीने सुचवली गेली. केवढे वादळ उठले! विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा या बदलामागचे कारण शांतपणे मांडले: मूल लिहिते दशक आधी, बोलते एकक आधी, आणि जोडाक्षरांची अडचण वेगळीच. वादात कोणती बाजू बरोबर, यात मी पडत नाही. पण लेक्सर लिहिणाऱ्याच्या नजरेने ‘एकोणतीस’ हा शब्द जरूर पाहावा. ‘एकोण’ ऐकले तरी दशक कळत नाही, पुढचे ऐकेपर्यंत थांबावे लागते. आणि पुढे ‘तीस’ ऐकू आले की लिहायचे असते ते दोनापासून. मग एकोणनव्वदपर्यंत पाळलेला नियम नव्व्याण्णवला अचानक सोडून द्यायचा. ‘पावणेदोनशे’ तर त्याहून अवघड: पाव कमी करायचा तो दोनातून, आणि मग शंभराने गुणायचे. इतके सगळे आपले सहा वर्षांचे मूल विनातक्रार शिकते. ज्याने हे पचवले त्याला अष्टमानाची भीती वाटण्याचे कारण नाही.

अपूर्णांकांचे प्रकरण या पुस्तकातले सर्वांत लांब आहे, आणि माझ्या मते सर्वांत रसाळ. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तरात दशांशाच्या सतराव्या स्थानावर एक उपरा ४ उमटतो. कारण संगणक दोनाच्या पायात मोजतो आणि दशांश त्याला नेमका मांडता येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात मांडता येत नाही. पण आपल्या आजोबांचा हिशेब आठवा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: हे सगळे दोनाच्या पायात तंतोतंत बसतात. आणा म्हणजे ०.०६२५, यंत्राला अगदी काटेकोर मांडता येणारा. जुना पैसा म्हणजे रुपयाचा ६४ वा भाग, तोही बसतो. अडते ती एकटी पै, म्हणजे पैशाचा तिसरा भाग. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, माणसांचे हिशेब सोपे झाले, आणि त्याच दिवशी आपले चलन संगणकाला अवघड झाले. जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत पाव आणि आणे दाखवणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा २००९ पासून युनिकोडमध्येही आहेत, आणि पायथॉनला त्यातल्या पावाच्या रेघेची किंमत विचारली तर तो ०.२५ असे बरोबर उत्तर देतो.

दशांश वाचणे किती नाजूक आहे, हे २०११ च्या आरंभी सगळ्यांनी पाहिले. २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात, एवढा एक आकडा दिला की पीएचपी कायमची अडकून पडत असे. खऱ्या उत्तराच्या जवळ जाण्यासाठी केलेली दुरुस्ती दोन शेजारच्या किमतींमध्ये हेलपाटे घालत राही. महिन्याभरातच शेवटचा अंक बदलून जावाचीही तीच गत झाली. कोणीही दुरून एक आकडा पाठवावा आणि सर्व्हर ठप्प व्हावा. दोन्ही भाषांना तातडीने दुरुस्ती करावी लागली.

हे पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. ज्यांना प्रोग्रामिंग अजिबात येत नाही त्यांनी पहिले, तिसरे आणि पाचवे प्रकरण वाचावे. त्यांत कंस-चिन्हे फारशी नाहीत. ज्यांना येते त्यांनी दुसऱ्या प्रकरणातला छोटा लेक्सर स्वतः लिहून पाहावा, आणि तो चालला की लगेच समाधान मानू नये. त्याला आपल्या गावाचा नव्हे, शेजारच्या गावाचा कोड द्यावा. शेवटच्या प्रकरणात मी असेही सुचवले आहे की एसटीडी कोडला संख्या म्हणायचेच कशाला. त्याची बेरीज कोणी करत नाही, त्याला अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून ठेवावे आणि शून्य जपावे. पण तिथे पोहोचण्याआधी तुम्ही तो एकदा तरी संख्या म्हणून लिहिलेला असावा, अशी माझी इच्छा आहे. पहिले प्रकरण पेणपासून सुरू होते. कळफलक हाताशी असू द्यावा.